उखर्डू आप्पाना पेपर

बोरीकाठे, अमळनेरमा, निंबगल्लीना तोंडले,
मनं पंक्चरनं दुकान शे, कथं ते इचारा कोन्हले.
'भिला पंक्चर' म्हनतस माले; पाटी नही, गरज नही,
आप्पाना पेपर सोडीसन मी दुसरं काही वाचत नही.

दर शनिवारे निंघस पेपर, नांव त्यानं 'बोरीनी हाक',
रॉकेल-शाईना वास असा, वाचाना पहिले धरा नाक.
संपादक, मुद्रक, प्रकाशक, बातमीदार, प्रूफवाला,
पाच मानसे एक लेंगामा; सहावा तो सायकलवाला.

मांगला चाकनं मडगार्ड त्यानं जस्तना ब्लॉक ठोकी करेल,
त्यावर माजी नगराध्यक्ष, उलटा, हात जोडी ऱ्हायेल.
चिखल उडस त्याना तोंडवर; आप्पा म्हने, "उडू देसूत.
ब्लॉकना पैसा बाकी शेतस, फिटनात का पुसी लेसूत."

बोलस आप्पा अहिरानी, जशी भाकर, जसं पानी;
लिखाले बठना का मंग जीभ पेहरस शेरवानी.
झिपरूनी बकरी हारायनी, तीन दिन ती सापडे ना,
आप्पाना मथळा: "चतुष्पादाचे गूढ! प्रशासन जागे होईल ना?"
प्रशासन काही जागं नही; बकरी मातर उनी घर,
नांव छापाई गयं म्हनीसन लाजेल व्हती दिवसभर.

हेडमास्तरना 'सत्कार समारंभ' छापायना 'तक्रार समारंभ';
गाव उनं अर्ज लिसन. हार टोपलीमा, तक्रारीस्ना आरंभ.

आते गटारनी गोट आयका. भाजीबजारना मांगे
झाकन नसेल गटार व्हती; "फूटभर शे," साहेब सांगे.
अमुशानी रात, लाइट गुल. आप्पा सायकलसकट मझार!
मी बॅटरी लिसन पयनू: छातीपावत पानी गार.
म्हनं, "आप्पा, हात द्या." तो म्हने, "भिला, घाई काय?
टेप लई ये, माप ले पहिले; मंग काढसूत मना पाय."
साडेचार फूट भरनी. शनिवारे अग्रलेख:
"आम्ही हे आतून लिहीत आहोत." बस. एकच ओय. देख!
सोमवारे झाकन बसनं. साहेब माले म्हने, "चालू!
टेप कोनी दिन्ही?" मी ट्यूब फुंकू; तोंडमा हवा, कसा बोलू?

मंग ठेकेदार जाहिरात लई उना, "काम आमचे झकास";
आप्पानी छापी. पन तिना खाले आपला प्लास्टरना फोटो खास.

•

इतलं मी लिखं, दुकान बंद करी, कंदीलना उजाये,
वहीना कागद फाडीसन दिन्हं आप्पाले, भल्ती सकाये.
आप्पानी चष्मा चढावा, 'शे' खोडी 'आहे' करं,
मंग 'आहे' खोडी 'शे' करं. डोया पुसात. म्हने, "बरं."

शनिवारे छापाई उनी. कथी? जाहिरातना पानवर!
खतना खाले, मूळव्याधना वर, चौकटमा, ठसठशीत अक्षर.
संगे बिल व्हतं, शेरवानीमा: "ओळी बत्तीस. दर दोन मात्र.
वजा पंक्चर सोळा, दर चार. बाकी शून्य. आम्ही आपले कृपापात्र."

मी बिल वाचं तीनदाव. हिशोब बराबर, काना-मात्रासकट.
पंक्चर सोळाच व्हतात. मी कधी मोजेल नव्हतात,
त्यानी मोजेल व्हतात.

रईवारे सकाय सकाय खडखड करत उना आप्पा,
मांगलं चाक भुईले टेकेल; माजी अध्यक्ष खाये धप्पा.
म्हने, "भिला, फुगाड हाई. आन् लिखी ठेव दुसरा टप्पा."